नानांच्या कापसात पडलेला चेंडू

मी धुळ्यात गोल्फ खेळायचो असं आज कोणाला सांगितलं तर ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पोटाकडे, आणि मग समजूत काढल्यासारखा विचारतो, "म्हणजे क्लबात वगैरे जायचात का?" क्लब कसला! बाभळी होत्या, बोरी होत्या, सकाळी शेळ्या असायच्या. आणि सहा खड्डे होते.

नव्वद सालाच्या आगेमागे मी धुळ्याबाहेर, नरडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत इंजिनिअर होतो. यंत्रं बंद पडली की मला बोलवायचे आणि चालू झाली की विसरायचे. गिरणीचे मोठे साहेब त्याआधी आसामकडे चहाच्या मळ्यात होते. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक म्हणजे दिवसातून आठ वेळा चहा, आणि दुसरी गोल्फ. चहाची सोय धुळ्यात होतीच. गोल्फसाठी त्यांनी गिरणीमागचा पडीक पट्टा हेरला.

हिरवळीचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे माणसांना प्यायला पाणी एक दिवसाआड यायचं. साहेबांनी खड्ड्यांभोवती वाळू पसरली, तिच्यात गिरणीतलं वापरून झालेलं तेल कालवलं आणि रोलर फिरवला. चेंडू त्या काळ्या चकतीवरून झकास घरंगळायचा. आम्ही खेळून घरी गेलो की बायका आम्हाला चपलांसकट बाहेरच उभं करायच्या, तो भाग वेगळा.

पट्टा होता नानांचा. नाना म्हणजे पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या जिनिंगचे मालक. हंगामात गाड्या भरभरून कापूस यायचा, आवारात त्याचे घराएवढे ढीग लागायचे, आणि यंत्रात सरकी वेगळी होऊन रुई बाहेर पडायची. नानांनी जमीन खेळायला फुकट दिली होती, पण एका अटीवर. ती त्यांनी आम्हाला चहा पाजून, अगदी प्रेमानं सांगितली होती.

"खेळा, उड्या मारा, लोळा. पण ज्या दिवशी तुमचा एक चेंडू माझ्या कापसात पडला, त्या दिवसापासून खेळ बंद. कापसात खडा आला तरी यंत्रात ठिणगी पडते. माझ्या थोरल्या भावाचं जिनिंग असंच गेलं. सकाळी होतं, दुपारी नव्हतं."

आम्ही हसत हसत कबूल झालो. तिसऱ्या खड्ड्यासाठी पहिला फटका जिथून मारायचा, तिथून नानांची भिंत अडीचशे पावलांवर होती. तिथपर्यंत चेंडू पोचवणारा मर्द आमच्यात नव्हता. तीन हंगाम गेले, नानांची अट आणि आमची कुवत यांचं उत्तम जमलं होतं.

आमच्यात म्हणजे तिघांत. मोठे साहेब, मी, आणि जळगावचे एक डॉक्टर. डॉक्टर दर शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचे. गोल्फच्या काठ्या त्यांनी होल्डॉलमध्ये गुंडाळलेल्या असायच्या. एरंडोलला एकदा शेजारच्या बाईनं त्यांना विचारलं होतं, "वाजवता का काही?" डॉक्टर "हो" म्हणाले आणि उरलेला प्रवास झोपेचं सोंग घेऊन केला. रात्री ते गिरणीच्या गेस्ट हाउसमध्ये उतरत. चौथे आबा. आबा नानांच्या जिनिंगमधून वयामुळे निवृत्त झालेले. आता ते आमचं मैदान राखायचे, झेंडा धरायचे आणि आमचे चेंडू शोधायचे. खेळाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "इतला मोठा मानसं," असं म्हणून ते वाक्य तिथंच सोडून द्यायचे.

तिघांत सर्वांत वाईट खेळाडू कोण, यावर कधी वाद झाला नाही. माझा चेंडू उजवीकडे जायचा. समोर बघून मारा, डावीकडे बघून मारा, देवाचं नाव घेऊन मारा, तो शंभरेक पावलं सरळ गेल्यासारखं करायचा आणि मग काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळून रस्त्याला लागायचा. शिरपूरच्या एसटीचे दोन ड्रायव्हर मला ओळखायला लागले होते. एकानं तर गाडी थांबवून चेंडू माझ्या हातात दिला होता आणि वर "सांभाळून खेळा भाऊ" असंही सांगितलं होतं.

अशात बायकोचा धाकटा भाऊ परदेशातून सुटीवर आला. जळगावला सासरी आम्ही त्याला भेटायला गेलो, तर त्यानं चादरीत गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू माझ्यापुढे धरली.

"दाजी, खास तुमच्यासाठी."

बायकोनं चादरीचं टोक उचलून बघितलं. "एवढ्या लांबून आलास आणि यांना फरशी पुसायचा दांडा आणलास?"

तो ड्रायव्हर होता. गोल्फमध्ये पहिला लांब फटका ज्या काठीनं मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. आमच्याकडचे ड्रायव्हर लाकडी, मुठीएवढ्या डोक्याचे. माझा तर साहेबांनी टाकून दिलेला, डोकं हलायला लागलं म्हणून मी गिरणीच्या सुतानं बांधलेला. हा नवा ड्रायव्हर धातूचा होता आणि त्याचं डोकं चांगलं मोठ्या पेरूएवढं होतं, आतून पोकळ.

"याची गंमत अशी आहे दाजी," मेहुणा म्हणाला, "चेंडू बरोबर मधोमध लागला नाही तरी चालतं. टोकाला लागू दे, टाचेला लागू दे, ही काठी सांभाळून घेते. सरळ जातो, आणि लांब जातो."

"सगळ्या चुका सांभाळून घेते?" बायकोनं विचारलं. "मग ही घरातच ठेवू या."

धुळ्याला ती काठी आली तेव्हा आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "हाई काय शे भाऊ? मारुतीनी गदा?" तेव्हापासून तिचं नाव गदा.

मोठे साहेब म्हणाले, "अशी वस्तू घरी ठेवू नका. गेस्ट हाउसच्या कपाटात ठेवा. किल्ली माझ्याकडे राहील." मला त्यांची काळजी पाहून भरून आलं. मी इंजिनिअर असूनही माझ्या डोक्यात आलं नाही, की किल्ली त्यांच्याकडे, गेस्ट हाउसमध्ये उतरणार डॉक्टर, आणि काठी माझी. या त्रिकोणात सर्वांत लांबचा कोपरा माझा होता.

पहिल्या रविवारी सकाळी मी मैदानावर पोचलो तर दोघं आधीच हजर. थंडी होती. डॉक्टर मफलर गुंडाळून, साहेब हात चोळत. गदा बाहेर काढून ठेवलेली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. साहेब म्हणाले, "हे बघा, ही पहिल्या दोन खड्ड्यांना वापरा. तिसऱ्याला नको."

"का?"

"वारा वेगळा असतो तिथं."

डॉक्टरांनी जोरजोरात मान हलवली. "अगदी वेगळा." आणि दोघंही, मला चांगलं आठवतं, नानांच्या भिंतीकडे सोडून बाकी सगळीकडे बघत होते.

पहिल्या दोन खड्ड्यांना गदेनं मला वेडं केलं. चेंडू सरळ! मी काठीच्या टाचेनं मारला तरी सरळ. एकदा तर मी डोळे मिटले होते, उघडले तेव्हा चेंडू मला हवा होता तिथंच उतरत होता. असं माझ्या आयुष्यात कशाच्याच बाबतीत झालं नव्हतं. मला वाटायला लागलं की इतकी वर्षं दोष माझा नव्हताच, काठीचाच होता. माणूस चढतो तो असा.

तिसऱ्याला मी गदाच उचलली. साहेब म्हणाले, "अहो, वारा..." मी म्हणालो, "बघू तरी." आबा पुढे झेंड्यापाशी उभे होते. त्यांच्या मागे नानांची भिंत, आणि भिंतीवरून डोकावणारा कापसाचा ढीग उन्हात असा पांढराशुभ्र, की बघवत नव्हतं. मी पाय रोवले, काठी मागे नेली आणि मारली.

आवाजच वेगळा आला. खणखणीत. चेंडू उठला, उठतच गेला, उजवीकडे वळायची त्याची जागा आली आणि गेली, तरी तो वळला नाही. मी हसत सुटलो. काठी हातात धरूनच चार पावलं धावलो. पांढरा चेंडू पांढऱ्या ढिगावर आला आणि दिसेनासा झाला.

मग मी थांबलो. हसू तोंडावर तसंच राहिलं असावं, कारण डॉक्टर म्हणाले, "तोंड मिटा."

आबा आमच्याकडे चालत आले. "चेंडू लांब गया भाऊ. मन्हा डोयामा ऊन व्हतं. कोठे पडना ते नही दिसनं."

"नाही ना दिसला?" साहेब चटकन म्हणाले. "मग झालं. कोणी बघितलं नाही. दुसरा चेंडू घ्या."

"कापसात चेंडू कोणाला सापडतोय," डॉक्टर म्हणाले. "पांढऱ्यात पांढरा."

मला दोघांचं नवल वाटलं. एक एवढा शिस्तीचा माणूस, दुसरा रोग्याला खोटं न सांगणारा. पण मैदान गेलं तर तिघांचंही जाणार होतं, म्हणून मी खिशातून दुसरा चेंडू काढला. पुढच्या तीन खड्ड्यांना मी गदेनंही चेंडूऐवजी जमिनीवरच मारलं.

घरी पोहे समोर आले आणि मी बशी बाजूला सारली. यंत्र मला माहीत होतं. त्या दिवशी रविवार, जिनिंगचं यंत्र तेलपाण्यासाठी बंद. सोमवारी सकाळी तो ढीग आत जायला लागणार. खडा गेला तर ठिणगी पडते हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोल्फचा चेंडू गेला तर काय होतं हे खानदेशात अजून कोणी करून बघितलं नव्हतं. रोलरमध्ये तो अडकला, घासला, तापला, की भोवती काय, तर कापूसच कापूस.

बायकोला मी सगळं सांगितलं. सांगताना उठून फटका कसा मारला तेही करून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, सांगून टाका नानांना."

"मैदान जाईल."

"जाऊ दे. तसंही तुमच्या पोटात हे राहणार आहे का? आग लागेल म्हणून नाही सांगितलंत, तरी एवढा लांब मारला म्हणून चार दिवसांत गावभर सांगालच."

बायकोला माणूस कळतो. कबुली द्यायला निघालो तेव्हा माझ्या मनात आगीची भीती होती, हे खरं. पण तिच्या शेजारीच, जरा आडोशाला, दुसरंही काहीतरी बसलं होतं. अडीचशे पावलं! आणि हे कोणाला कळणारच नाही?

नाना आवारात खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. पलीकडे निवडणाऱ्या बायका कापसातली पिवळी बोंडं, काडीकचरा वेचत होत्या. हंगामात त्यांना रविवार नसायचा. त्यांची म्होरकी अक्का, वयानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी.

"नाना, चूक झाली," मी म्हणालो. "सकाळी माझा चेंडू तुमच्या कापसात पडला."

नानांनी बशी खाली ठेवली. "कोणाचा?"

"माझा."

"तुमचा?" नाना माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, तुमचा चेंडू तर रस्त्यावर जातो."

"आज नाही गेला. आज सरळ..." आणि मी हातांनी दाखवायला लागलो, कसा उठला, कसा गेला. वर्णन लांबलं असावं, कारण अक्का काम थांबवून बघायला लागली.

"कोणाला पाठीशी घालताय?" नानांनी विचारलं. "मोठ्या साहेबांना?"

आयुष्यात इतका अपमान माझा झाला नव्हता. मी गुन्हा कबूल करतोय आणि समोरचा म्हणतोय, तुझी ती ताकद नाही! "नाना, आईशप्पथ मीच मारला," मी जवळजवळ ओरडलो.

नाना उठले. चेहरा बदलला होता. चेष्टा संपली होती. "मारला कोणीही असो. उद्या हा ढीग आत जायचाय. अक्का, बठ्ठ्या बायांना बोलव. ढीग इकडचा तिकडे करायचा. पांढरा चेंडू आहे, लिंबाएवढा. सापडल्याशिवाय यंत्र चालू होणार नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि तुमचं आपण नंतर बघू."

पदर खोचून पंधरा-वीस बायका ढिगाला भिडल्या. मीही शर्टाच्या बाह्या सरसावून शिरलो आणि कंबरेपर्यंत कापसात गेलो. नाकात तंतू, कानात तंतू. तासाभरात अक्काचा आवाज आला.

"हाई दखा वं! कापूसमा अंडं!"

"कोंबडी कोनी शे?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या माझ्याकडे बघून खिदळल्या.

मी धडपडत गेलो. चेंडू हातात घेतला, फिरवला, आणि बघतच राहिलो. आम्ही आपापले चेंडू ओळखू यावेत म्हणून त्यांवर खुणा करायचो. माझ्या चेंडूवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका असायचा. या चेंडूवर जांभळा ठिपका होता. जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचा. ते औषध हाताशी असणारा आमच्यात एकच होता.

मी काही बोलायच्या आत, "आखो एक शे!" दुसऱ्या बाजूनं हाळी आली. या चेंडूवर हिरव्या पेन्सिलीचं वर्तुळ. हिरव्या पेन्सिलीनं गिरणीत एकच माणूस लिहायचा.

नाना दोन्ही चेंडू तळहातावर घेऊन उभे राहिले. "तुम्ही किती मारले?"

"एक."

"मग यातला तुमचा कोणता?"

मी दोन्हींकडे बघितलं. खोटं बोलून एखादा माझ्या नावावर घेता आला असता. मित्रांची अब्रू वाचली असती आणि माझी अडीचशे पावलंही पक्की झाली असती. पण नानांच्या डोळ्यांत बघून ते जमेना. "यातला एकही नाही," मी म्हणालो.

ढीग दुपारपर्यंत इकडचा तिकडे झाला. खालची फरशी लागली. तिसरा चेंडू नाही.

गिरणीच्या गच्चीवरून ढीग हलताना दिसत असणार, कारण जेवणाच्या वेळेला साहेब आणि डॉक्टर लगबगीनं आवारात शिरले. नानांनी मूठ उघडली. दोघांनी आपापला ठिपका ओळखला. साहेबांनी शुक्रवारी संध्याकाळी "काठीचा तोल बघायला" एक फटका मारला होता. डॉक्टरांनी शनिवारी रात्री "नुसती बघतो" म्हणून किल्ली मागून घेतली होती आणि रविवारी उजाडताच "हात मोकळा करायला" एक मारला होता. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. वाऱ्याचं मात्र दोघांनी न ठरवता सारखंच सांगितलं.

"मग यांचा कुठे गेला?" नानांनी माझ्याकडे बोट केलं.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आबांचं डोकं वर आलं. बहुतेक दगडावर चढले होते. त्यांनी हात उंचावला. चेंडूवर लाल ठिपका.

"भाऊ, तुमना चेंडू आठे शे! बोरीना झुडुपमा सापडना. भिंतना बाहेर!"

नऊ पावलं. मी नंतर मोजली. भिंतीच्या अलीकडे नऊ पावलं पडला होता माझा चेंडू. आयुष्यातल्या सर्वांत लांब फटक्याची कबुली द्यायला मी आलो होतो, आणि तो फटका पोचलाच नव्हता.

मग नाना खाटेवर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रागानं. ते हसत होते. टोपी काढून डोळे पुसत हसत होते, आणि त्यांचं बघून अक्का हसायला लागली, आणि मग सगळ्या बायका कापसात बसूनच हसायला लागल्या.

"ज्या दोघांनी मारला ते तोंड शिवून बसले," नाना दम घेत म्हणाले. "आणि ज्याचा पोचला नाही तो शपथा घेऊन सांगतोय, मारला, मारला!"

साहेबांनी मान खाली घातली. "नाना, अट मोडली. मैदान आजपासून बंद. आमची चूक."

नाना हसायचे थांबले. हातातले चेंडू त्यांनी उलटेसुलटे करून बघितले. थोरल्या भावाचं जिनिंग त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. "हे इंजिनिअरसाहेब खोट्या गुन्ह्याची कबुली द्यायला आले नसते, तर ही दोन अंडी उद्या माझ्या यंत्रात गेली असती," ते म्हणाले. "खेळ बंद नाही. पण ती गदा माझ्याकडे. कापूस आवारात आहे तोवर ती इथून हलायची नाही. अखाजीला या. तोवर ढीग संपलेले असतात. अखाजीपासून पेरणीपर्यंत मारा किती लांब मारायचं ते."

तेव्हापासून ती पद्धतच पडली. पहिली गाडी कापूस घेऊन आली की गदा नानांच्या ऑफिसात खिळ्यावर जायची. गाड्यांवाले शेतकरी ती निरखून बघायचे. नाना एकेकाला वेगळं सांगायचे. चाळीसगावच्या एकाला त्यांनी सांगितलं होतं की हिनं गठ्ठ्यातला कापूस झोडतात, आणि तो पुढच्या खेपेला तसली एक कुठे मिळेल म्हणून विचारायला आला.

पहिल्या अखाजीला आम्ही गेलो तेव्हा आवार झाडून लख्ख केलेलं होतं. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे बायकांचा सण, माहेरवाशिणींचा, झोक्यांचा. अक्कानं आवारातल्या निंबाला झोका बांधला होता आणि निवडणाऱ्या बायका आपापल्या आलेल्या लेकींना घेऊन जमल्या होत्या. माझी बायकोही त्यांच्यातच. नानांनी खिळ्यावरून गदा काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मोठ्या साहेबांकडे न देता माझ्या हातात दिली.

"तुमची नऊ पावलं बाकी आहेत," ते म्हणाले.

त्या उन्हात मी तिसऱ्या खड्ड्याच्या जागेवर उभा राहिलो. पहिला चेंडू जमिनीवरून सरपटला. दुसरा बाभळीला लागला. तिसरा, गदा हातात असूनही, रस्त्याकडे गेला. तिकडून हॉर्न ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, "ही काठीसुद्धा यांच्यापुढे थकली." सहावा, सातवा. भिंतीपलीकडून झोक्यावरची गाणी ऐकू येत होती, आणि मध्येच गाणं थांबवून चेंडू आला का म्हणून अक्का ओरडायची, "वना का रे भाऊ?"

"नही वना!" आबा इकडून उत्तर द्यायचे.

दहाव्याला मी दमलो होतो. लांब मारायचा विचारच सोडला होता. नुसती काठी फिरवली. खणखणीत आवाज आला, चेंडू उठला, वळायची जागा मागे पडली, बोरीचं झुडूप मागे पडलं, भिंत मागे पडली, आणि नानांच्या वजनकाट्यावरच्या पत्र्यावर 'ठण्ण' असा आवाज झाला, की गाणं बंद पडलं.

मग भिंतीपलीकडून सगळ्या बायकांचा एकदम कल्ला उठला. त्यात माझ्या बायकोचा आवाज मला वेगळा ओळखू आला.

आबांनी झेंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आते वना, भाऊ," ते म्हणाले. "आते जा नी कबूल करा."